साठा नेमका किती हवा? वाहनांच्या सुट्या भागांच्या लघुउद्योगासाठी अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर

पुणे : प्रतिनिधी

भोसरी, चाकण, नाशिकचे अंबड किंवा वाळूज. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कोणत्याही लहान कारखान्याच्या स्टोअरमध्ये डोकावले, तर एक विसंगती हमखास नजरेस पडते. एका रॅकवर धूळ खात पडलेल्या बुशच्या पेट्या असतात. ज्या मॉडेलसाठी त्या तयार केल्या, त्याचे उत्पादन कधीच थांबलेले असते. त्याच वेळी दारात टेम्पो उभा असतो आणि ज्या ब्रॅकेटची मागणी आली आहे, ते अद्याप मशिनवरच असते. नको तो माल भरपूर आणि हवा तो माल अपुरा, अशी ही कोंडी आहे. ती मालकाच्या आळसामुळे झालेली नसते. उद्या किती माल लागेल, याचा अंदाज चुकलेला असतो.

हा अंदाज केवळ अनुभवावर न सोडता मागील नोंदींच्या आधारे गणिताने बांधावा आणि त्यावरून साठा ठरवावा, यासाठी संगणकप्रणाली उपलब्ध आहेत. मोठ्या कंपन्या त्या अनेक वर्षांपासून वापरतात. लहान कारखान्यांत मात्र त्यांच्याविषयी एकतर भीती असते किंवा अवाजवी अपेक्षा. या प्रणाली नेमके काय करतात, काय करू शकत नाहीत आणि त्या घेण्यापूर्वी उद्योजकाने कोणती तयारी करावी, याचा हा आढावा.

रॅकवरचा माल म्हणजे अडकलेला पैसा

कारखान्यात साठा तीन रूपांत असतो. पोलादाचे बार, पत्रा, कास्टिंग हा कच्चा माल. दोन प्रक्रियांच्या मध्ये किंवा जॉबवर्कसाठी बाहेर गेलेला अर्धवट माल. आणि पाठवणीसाठी सज्ज असलेला तयार माल. या तिन्हींमध्ये गुंतलेली रक्कम बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून आलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्याची वार्षिक उलाढाल ६ कोटी रुपये आहे आणि सरासरी साठा १ कोटी २० लाखांचा आहे. व्याजदर १२ टक्के धरला, तर केवळ साठा सांभाळण्यासाठी वर्षाला १४ लाख ४० हजार रुपये व्याज जाते. जागा, गंज, हाताळणी आणि निरुपयोगी ठरणारा माल यांचा हिशेब वेगळाच. साठा एक चतुर्थांशाने कमी झाला, तर ३० लाख रुपये मोकळे होतात आणि वर्षाचे ३ लाख ६० हजार वाचतात. लहान कारखान्यात ही रक्कम पगार वेळेवर होणे आणि न होणे यांतील फरक ठरू शकते.

त्यात येणे लांबते. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास व्याजाची तरतूदही त्यात आहे. पण मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेला व्हेंडर त्या तरतुदीचा आधार घेण्यास सहसा कचरतो. अशा वेळी स्वतःच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे साठा.

दोन प्रकारची मागणी

सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करून घ्यायला हवा. प्रत्येक वस्तूचा अंदाज बांधायचा नसतो. काही वस्तूंचा फक्त हिशेब करायचा असतो.

जोसेफ ऑर्लिकी या अभियंत्याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात हा भेद ठसठशीतपणे मांडला. ग्राहकाला किती तयार ब्रॅकेट लागतील, ही स्वतंत्र मागणी आहे. ती बाजारावर अवलंबून असते, म्हणून तिचा अंदाज बांधावा लागतो. पण एका ब्रॅकेटला दोन बुश आणि चार रिव्हेट लागत असतील, तर १,००० ब्रॅकेटला २,००० बुश आणि ४,००० रिव्हेट लागणार, हे उघड आहे. ही अवलंबित मागणी. ती उत्पादनाच्या बिल ऑफ मटेरियलवरून थेट काढता येते. बुशचा वेगळा अंदाज बांधत बसणे म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीविषयी तर्क लढवणे होय. एमआरपी म्हणून ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती असतेच.

लहान कारखान्यांची स्वतंत्र मागणीही दोन वाटांनी येते. पहिली वाट वाहन कंपनीच्या किंवा तिच्या मोठ्या पुरवठादाराच्या शेड्यूलची. साधारणतः चालू महिन्याचे आकडे पक्के आणि पुढील दोन-तीन महिन्यांचे तात्पुरते, असे त्याचे स्वरूप असते. दुसरी वाट सुट्या भागांच्या खुल्या बाजाराची, म्हणजे वितरक, दुकानदार आणि गॅरेज यांची. तिथे शेड्यूल नसते. फोन येतो आणि माल मागितला जातो.

शेड्यूल हातात असताना अंदाजाची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. वास्तविक शेड्यूल हासुद्धा कुणीतरी बांधलेला अंदाजच असतो आणि तो महिन्याच्या मध्यावर बदलतो. दुकानातील विक्रीतला लहान चढउतार वितरकाकडे थोडा मोठा होतो, वाहन कंपनीकडे आणखी मोठा आणि साखळीच्या टोकाला असलेल्या लहान व्हेंडरपर्यंत पोहोचेपर्यंत तो हेलकावा बनतो. जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये या परिणामाचे विश्लेषण केले. हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची कारणे मांडली. चाबकाची मूठ थोडी हलली तरी टोक जोरात उसळते, म्हणून त्याला ‘बुलव्हिप’ म्हणतात. लहान कारखाना त्या टोकाला असतो. त्यामुळे आलेल्या शेड्यूलपैकी प्रत्यक्षात किती टक्के उचल झाली, याची महिनावार नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर त्याच्या अधिक उपयोगाचे. एखादा ग्राहक सातत्याने १०० मागून ८० उचलत असेल, तर ते आकड्यांतून लगेच दिसते.

अंदाज बांधण्याच्या पद्धती

या प्रणालींच्या पोटात जे गणित चालते, ते वाटते तितके गूढ नाही. सर्वांत सोपी पद्धत चल सरासरीची: मागील तीन किंवा सहा महिन्यांची सरासरी हाच पुढील महिन्याचा अंदाज. तिचा दोष असा, की सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याला ती कालच्या आकड्याइतकेच महत्त्व देते.

हा दोष ‘एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग’ने दूर केला. रॉबर्ट ब्राऊन यांनी ही पद्धत विकसित केली आणि साठा नियंत्रणासाठी तिचा वापर १९५९ च्या पुस्तकात सविस्तर मांडला. तिचा गाभा एका ओळीत सांगता येतो: जुना अंदाज जितका चुकला, त्याचा ठरावीक हिस्सा नव्या अंदाजात मिळवायचा. समजा, अंदाज ४,००० नगांचा होता आणि मागणी ४,६०० आली. चूक ६०० ची झाली. हिस्सा ०.२ धरला, तर १२० मिळवून नवा अंदाज ४,१२० होतो. हिस्सा मोठा ठेवला, की अंदाज चटकन बदलतो. पण प्रत्येक किरकोळ हेलकाव्यामागेही धावतो. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये या पद्धतीत वाढ किंवा घट यांचा कल आणि पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये हंगाम जोडला.

आपल्याकडे हंगामाचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळीला वाहनखरेदी वाढते. पावसाळ्यापूर्वी वायपरची मागणी चढते. येथे एक खाच आहे. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. इंग्रजी महिन्यांवर बेतलेली प्रणाली हे आपोआप ओळखत नाही. सणांच्या तारखा वेगळ्या भरण्याची सोय तिच्यात आहे का, हे विचारलेच पाहिजे.

खुल्या बाजारातील अनेक भागांची मागणी तुटक असते. चार महिने काही नाही आणि मग एकदम ६० नगांची ऑर्डर. येथे साधे स्मूदिंग फसते. ऑर्डर आल्याबरोबर ते अंदाज उंचावते आणि नेमकी पुढची ऑर्डर यायच्या सुमारास तो खाली आलेला असतो. जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये यावर उपाय सुचवला. ऑर्डरचा आकार आणि दोन ऑर्डरमधील अंतर यांचा अंदाज वेगवेगळा बांधायचा आणि मग भागाकार करायचा. सरासरी आकार ६० आणि सरासरी अंतर तीन महिने असेल, तर महिन्याला २० नग. ही पद्धत अंदाज किंचित जास्त दाखवते, असे पुढे आढळले आणि सिंटेटोस व बॉयलन यांनी २००५ मध्ये तिची दुरुस्ती सुचवली. सुट्या भागांच्या उत्पादकाला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल, तर ते किराणा दुकानासाठी बनवले आहे असे समजावे.

सुरक्षित साठा : खरी मेख इथे

अंदाज कितीही चांगला असला, तरी तो चुकणारच. म्हणून अंदाजापेक्षा थोडा अधिक साठा ठेवावा लागतो. हा सुरक्षित साठा किती असावा, हे बहुतेक ठिकाणी ‘महिनाभराचा ठेवा’ अशा मोघम नियमाने ठरते. सॉफ्टवेअरचा सर्वाधिक लाभ येथे होतो.

समजा, एका भागाची मागणी आठवड्याला सरासरी १,००० नगांची आहे आणि अंदाजातील चुकीचे प्रमाण विचलन २०० नग आहे. कच्चा माल मागवल्यापासून तयार माल हाती येईपर्यंत चार आठवडे लागतात. १०० पैकी ९५ वेळा माल कमी पडू नये, अशी अपेक्षा असेल, तर संख्याशास्त्रातील १.६५ हा गुणक घेतात. १.६५ गुणिले २०० गुणिले चारचे वर्गमूळ, म्हणजे ६६० नग. चार आठवड्यांची मागणी ४,००० आणि त्यात हे ६६० मिळवले, की ४,६६० ही पुनर्मागणीची पातळी मिळते. साठा या पातळीला आला, की नवी ऑर्डर द्यायची.

आता अपेक्षा ९५ वरून ९९ वर नेली, तर गुणक २.३३ होतो आणि सुरक्षित साठा ९३२ नगांवर जातो. शेवटचे चार टक्के २७२ नगांना पडतात. ते परवडतात का, हा निर्णय मालकाचा; सॉफ्टवेअर फक्त किंमत सांगते.

याहून बोलका आकडा पुढचा आहे. वरील हिशेबात माल बरोबर चार आठवड्यांनी येतो, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पुरवठादार किंवा उष्णता-प्रक्रिया करून देणारा जॉबवर्कवाला कधी आठवडा आधी, कधी आठवडा उशिरा माल देत असेल आणि त्या वेळेचे विचलन एक आठवडा धरले, तर तोच सुरक्षित साठा ६६० वरून सुमारे १,७८० नगांवर जातो. म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. अंदाजाचे गणित सुधारण्यापेक्षा जॉबवर्कवाल्याची गाडी वेळेवर आणणे अनेकदा अधिक फायद्याचे असते, ही गोष्ट सॉफ्टवेअर आकड्यांत दाखवून देते. त्यासाठी ऑर्डर दिल्याची आणि माल आल्याची तारीख प्रत्येक वेळी नोंदवलेली असली पाहिजे.

एका वेळी किती बनवावे?

कधी मागवायचे हे ठरले, तरी किती मागवायचे किंवा किती बनवायचे हा प्रश्न उरतो. त्याचे प्रसिद्ध सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. मशिनची सेटिंग बदलण्याचा खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च यांचा ते मेळ घालते. वर्षाची मागणी ४८,००० नग, प्रत्येक सेटिंगचा खर्च १,५०० रुपये आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च ४ रुपये असेल, तर एका वेळी ६,००० नगांचा लॉट किफायतशीर ठरतो; वर्षात आठ लॉट होतात. सेटिंगचा खर्च एक चतुर्थांशावर, म्हणजे ३७५ रुपयांवर आणता आला, तर लॉट निम्म्यावर, ३,००० नगांवर येतो. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी डाय बदलण्याचा वेळ मिनिटांत आणण्यावर भर दिला, त्यामागे हेच अर्थशास्त्र होते. तैइची ओहनो यांनी टोयोटामध्ये रुजवलेली कानबान पद्धतही लहान लॉट आणि खात्रीचा पुरवठा असेल तरच चालते.

वस्तूंची संख्या शेकड्यांत असल्यास प्रत्येकीकडे सारखे लक्ष देता येत नाही. यासाठी जनरल इलेक्ट्रिकमधील फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मांडलेले एबीसी वर्गीकरण आजही उपयोगी आहे. सर्वाधिक मूल्याच्या मोजक्या वस्तू ‘ए’, मधल्या ‘बी’, उरलेल्या असंख्य स्वस्त वस्तू ‘सी’. सॉफ्टवेअरची सुरुवात ‘ए’ गटातील वीस-पंचवीस वस्तूंनी करावी. वॉशर आणि नट यांना दोन डब्यांची साधी पद्धत पुरते.

आधी वही स्वच्छ हवी

अंदाजाची प्रणाली अपयशी ठरते, ती बहुतांशी गणितामुळे नव्हे, तर नोंदींमुळे. एकच पिन हिशेबात तीन नावांनी असते: ड्रॉइंग क्रमांकाने, ग्राहकाच्या क्रमांकाने आणि कामगारांच्या तोंडी असलेल्या नावाने. रिजेक्शन होऊन परत आलेला माल विक्रीतून वजा झालेला नसतो. जॉबवर्कला गेलेल्या मालाचे चलन फाइलमध्ये असते, संगणकात नसते. अशा नोंदींवर कोणतेही गणित केले, तरी उत्तर चुकीचेच येणार.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. विक्री म्हणजे मागणी नव्हे. ५०० नग मागितले आणि ३०० च देता आले, तर बिलात ३०० दिसतात. सॉफ्टवेअर त्यालाच मागणी समजते, पुढील महिन्यात आणखी कमी साठा सुचवते आणि तुटवडा कायमचा होतो. न पुरवलेली मागणी नोंदवण्यासाठी वेगळा रकाना हवा.

तिसरी बाब अपवादांची. मार्च २०१७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीस मनाई केली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्याच सुमारास टाळेबंदी आली आणि एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. २०२१ मध्ये सेमीकंडक्टरच्या टंचाईने ग्राहक रांगेत असूनही वाहनांचे उत्पादन घटले आणि ज्यांच्या भागात एकही चिप नव्हती, त्या व्हेंडरांचाही माल पडून राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि सुटे भाग यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कपातीची घोषणा १५ ऑगस्टलाच झाली असल्याने मधल्या काळात अनेकांनी खरेदी पुढे ढकलली. या महिन्यांचे आकडे जसेच्या तसे ठेवले, तर प्रणाली त्यांनाच हंगाम समजेल. ते ‘अपवाद’ म्हणून चिन्हांकित करावे लागतात. हे काम माणसाचेच आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

पहिली पायरी घरातच असते. एक्सेलच्या २०१६ पासूनच्या आवृत्तीत हंगामासह स्मूदिंग करणारे तयार सूत्र आहे. टॅलीमध्ये पुनर्मागणीची पातळी आणि बिल ऑफ मटेरियल ठेवण्याची सोय आहे. त्यापुढे ईआरपी प्रणाली येतात. मुंबईत विकसित झालेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत आहे. ओडूची एक आवृत्तीही मुक्तस्रोत आहे. एसएपी बिझनेस वन लहान व मध्यम उद्योगांसाठी बनवलेली व्यापारी प्रणाली आहे. मुक्तस्रोत प्रणालीला परवाना शुल्क नसले, तरी ती बसवणे, माहिती भरणे आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे यांचा खर्च असतोच.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख हल्ली प्रत्येक विक्रेत्याच्या सादरीकरणात असतो. त्याबाबत स्पायरोस माक्रिडाकिस यांच्या अंदाज-स्पर्धांचा अनुभव बोधप्रद आहे. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या स्पर्धेत गुंतागुंतीच्या पद्धती साध्या पद्धतींपेक्षा सरसकट सरस ठरल्या नाहीत. २०१८ च्या चौथ्या स्पर्धेत निव्वळ मशिन लर्निंगच्या पद्धती मागे पडल्या. जिंकली ती दोहोंची मिश्र पद्धत. २०२० च्या पाचव्या स्पर्धेत मशिन लर्निंगने बाजी मारली, पण तिथे वॉलमार्टच्या हजारो वस्तूंची रोजची विक्री हाताशी होती. ज्याच्याकडे ८० भागांची तीन वर्षांची मासिक नोंद आहे, त्याने साध्या पद्धतीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

विक्रेत्याला हे प्रश्न अवश्य विचारावेत :

१. आमच्याच मागील दोन वर्षांच्या नोंदी घेऊन त्यापुढील सहा महिन्यांचा अंदाज काढून दाखवाल का? प्रत्यक्ष आकडे आमच्याकडे आहेत.

२. ‘मागील महिन्याइतकीच मागणी’ या सरळ अंदाजापेक्षा तुमची प्रणाली किती कमी चुकते?

३. चूक कशी मोजता? टक्केवारीतील सरासरी चूक हे माप मागणी शून्य असलेल्या महिन्यात निरुपयोगी ठरते. नगांतील चूक आणि ती सतत एकाच दिशेने होते का, हे दोन्ही दिसले पाहिजे.

४. अंदाज हाताने बदलता येतो का आणि कोणी, कधी, का बदलला याची नोंद राहते का?

५. करार संपल्यावर आमची सर्व माहिती आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल का?

शेवटी माणूसच

कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या स्टोअरकीपरला अनेक गोष्टी माहीत असतात, ज्या कोणत्याही फाइलमध्ये नसतात. अमुक ग्राहकाच्या गेटवर इन्स्पेक्शन कडक झाले आहे, तमुक मॉडेल बंद होणार अशी कुजबुज आहे, ढलाईवाल्याची भट्टी दुरुस्तीला गेली आहे. सॉफ्टवेअर आल्यावर त्याला बाजूला सारणे ही महाग चूक ठरते. प्रणालीने आकडा सुचवावा आणि त्याने कारण नोंदवून तो बदलावा. सहा महिन्यांनी कोणाचे बदल उपयोगी पडले, हे दोघांनाही दिसते.

चुकीच्या अंदाजाची झळही आधी माणसांनाच लागते. अंदाज कमी पडला, की रविवारची पाळी आणि डबल ड्यूटी. जास्त झाला, की कंत्राटी कामगारांना ‘उद्यापासून येऊ नका’ असा निरोप. विजेवर चालणाऱ्या वाहनांचा वाटा वाढत असताना केवळ इंजिनाचे भाग बनवणाऱ्यांसाठी प्रश्न पुढच्या महिन्याचा नसून पुढच्या पाच वर्षांचा आहे. त्याचे उत्तर मागील विक्रीच्या आकड्यांत सापडणार नाही. त्यासाठी ग्राहकाशी बोलावे लागेल, नवे ड्रॉइंग मागावे लागेल.

मात्र रोजच्या कामात, कोणती पेटी भरायची आणि कोणती रिकामी ठेवायची हे ठरवताना, स्वच्छ नोंदी आणि साधे गणित पुरेसे साहाय्य करते. सुरुवातीला फार खर्चाचीही गरज नाही. वीस वस्तू निवडाव्यात, त्यांची तीन वर्षांची मागणी महिनावार लिहून काढावी, दर महिन्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी ठेवावा. सहा महिन्यांत आपण कुठे आणि किती चुकतो, हे कळू लागते. सॉफ्टवेअर विकत घ्यायचे की नाही, याचा निर्णय त्यानंतर घेतलेला बरा.